माडीवरच्या मॅडम आणि माझं बाकडं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दुकान उघडं ठेवलं की ते आपोआप साठतात, धुळीसारखे. धूळ मी रोज सकाळी फडक्यानं झटकतो. किस्से झटकता येत नाहीत. चार माणसं चहाला बसली की एकेक खाली पडतो. आज बसलाच आहात, तर ऐका.

सोलापूरच्या भवानी पेठेत माझं चादरींचं दुकान आहे. चाळीस वर्षं मी चालवतोय, त्याआधी वडील. शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा याच दुकानात. दुकानापुढं एक सागवानी बाकडं आहे. त्या बाकड्यावर पेठेतली निम्मी भांडणं मिटली. नवरा-बायकोची, भावाभावांची, सासू-सुनांची. घरात आवाज चढला की शेजारी म्हणायचे, "चला, अण्णांकडं." अण्णा म्हणजे मी.

म्हणायचे. आता म्हणत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानाच्या वरच्या माडीवर एक मॅडम आल्या. अश्विनी मॅडम. नाशिककडच्या. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. त्यांनी जिन्यापाशी पाटी लावली. 'समुपदेशन केंद्र : वैयक्तिक, दांपत्य, कौटुंबिक.' पाटीच्या आत लाईट! संध्याकाळी ती पेटली की शेजारची माझी पाटी दिसतसुद्धा नाही.

माझी बायको म्हणते, "तुमी जळताय."

मी जळत नाही. मी लक्ष ठेवतो.

* * *

पाटी लागली त्या दिवशी मी मॅडमना जिन्यातच गाठलं.

"हे तीन प्रकार कसले?"

"काका, एकटं माणूस आलं तर वैयक्तिक. नवरा-बायको आले तर दांपत्य. सगळं घर आलं तर कौटुंबिक."

काका! अख्खी पेठ मला अण्णा म्हणते. बरं, म्हटलं, नवीन आहेत.

मी विचारलं, "आणि एकटाच आला, पण तासभर बायकोबद्दलच बोलला, तर तो कशात धरायचा?"

मला वाटलं, आता अडकल्या.

मॅडम हसल्या. "काका, सगळे तेच करतात!"

उत्तर बरोबर होतं. त्याचाच मला राग आला. चाळीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

* * *

माझी पद्धत वेगळी. माझ्या पद्धतीत बोलणं नाही.

गिऱ्हाईक चादर घेतं एक आणि उलगडायला लावतं वीस. दुपारपर्यंत गादीवर ढीग होतो. मोठी डबल चादर एकट्यानं नीट घडी होत नाही. दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, मग चालत एकमेकांकडं यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. भांडणारी माणसं आली की मी त्यांना ढिगाजवळ उभं करायचो आणि एकच शब्द बोलायचो. मराठी माणसाला "धरा". कानडी माणसाला "हिड्री". अर्थ तोच.

मी स्वतः एकट्यानं घालतो घडी. मधली कड हनुवटीखाली दाबून. ते सगळ्यांना जमत नाही.

यंत्रमागावर काम करणारा नरसय्या आणि त्याची बायको लक्ष्मी आले होते. बारा वर्षांचा संसार, आणि लक्ष्मी बोचकं बांधूनच आलेली. दोघं एकाच वेळी बोलत होते. निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. मी म्हणालो, "धरा."

पहिल्या चादरीला दोघांची तोंडं दोन दिशांना. कोपरे हातात कोंबून दोघं मागं सरकायचे, जणू समोर विंचू आहे. पाचव्या चादरीला लक्ष्मीनं बोचकं बाकड्यावर ठेवलं, कारण ते मध्ये येत होतं. अकराव्या चादरीला ती म्हणाली, "तुमची कड खाली आलीय."

नरसय्यानं बघितलं. कड वर घेतली. म्हणाला, "चुकलं."

लक्ष्मी चादर धरून तशीच उभी. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अण्णा, ऐकलंत का? बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला ह्यो!"

बोचकं नरसय्यानं उचललं आणि दोघं घरी गेले. मी काही केलं नाही. माझा ढीग संपला, एवढंच.

* * *

आता आमच्या मल्लिनाथचं ऐका. मल्लिनाथ म्हणजे समोरचा किराणावाला. माझ्या बाकड्यावर तीस वर्षं बसलेला माणूस. त्याच्या धाकट्या भावाशी त्याचं तीनदा बिनसलं, तिन्ही वेळा मी मिटवलं.

एप्रिल महिना. सोलापूरचा एप्रिल. दुपारी एक माणूस डोक्यात हेल्मेट घालून, मान खाली घालून, माझ्या दुकानावरून चालत जिन्याकडं निघालेला. हेल्मेट! आमच्या पेठेत गाडीवर बसून कुणी हेल्मेट घालत नाही.

मी चप्पल बघितली. डाव्या अंगठ्याला खिळा मारलेली. तो खिळा मीच मारून दिला होता.

"मल्ल्या!"

हेल्मेट थांबलं.

"गाडी कुठाय?"

"न्हाय आणली, अण्णा."

"मग डोक्यात हे काय?"

"ऊन लई हाय की!"

आणि चढला वर. मी खाली बसून वाट बघितली. तासाभरानं उतरला तेव्हा हेल्मेट हातात होतं आणि चेहरा असा हलका, जणू न्हाव्याकडून आलाय.

मी म्हणालो, "माझ्याकडं का आला न्हाईस?"

तो म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडं आलो तर तुमी सांगता, आन् मला ऐकावं लागतं. मला जरा बोलायचं हुतं!"

त्या दिवसापासून त्याच्याकडनं साखर आणायची नाही, असं मी घरात सांगितलं. बायकोनं दुसऱ्या दिवशी त्याच्याकडनंच आणली.

* * *

माझ्यावर अन्याय कसा होतो, ते या किश्शात कळेल.

एक जोडपं आलं. नवी पेठेत त्याचं बांगड्यांचं छोटं दुकान, ती शिलाई करणारी. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मॅडमची वेळ चारची, हे आले साडेतीनला. वर कुलूप. मॅडम जेवायला गेलेल्या. मी म्हणालो, "बसा बाकड्यावर." बसले. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

माझ्यापुढं ढीग होता. मी काय करणार? म्हणालो, "नुसतं बसण्यापेक्षा, धरा."

सहाव्या चादरीला तिला हसू आलं, कारण तो कोपरा शोधत चादरीत गुरफटला होता. आठव्या चादरीला तो म्हणाला, "घरी चादर कुठाय गं आपल्याला चांगली?" ती म्हणाली, "व्हय की, आईनं दिलेली फाटली." माझ्याकडची एक हिरवी पसंत केली आणि चारला पाच कमी असताना दोघं एका गाडीवर बसून गेले.

चारला मॅडम जेवून परत आल्या. "काका, माझे क्लायंट आले होते का?"

"आले होते."

"मग?"

"घरी गेले."

"का?"

"बरे झाले!"

मॅडम जिना चढून गेल्या. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या वर्षी तेच जोडपं पेढ्यांचा पुडा घेऊन आलं. मुलगी झाली होती. मी उठून उभा राहिलो, धोतर नीट केलं. दोघांनी मला लांबून नमस्कार केला आणि पेढे घेऊन सरळ जिना चढून गेले! का, तर फोनमध्ये मॅडमचा नंबर होता. त्यांच्या हिशेबी सगळं 'सेंटर'मध्येच झालं होतं. खाली एक म्हातारा चादरीच्या घड्या घालत होता, एवढंच त्यांच्या लक्षात.

मॅडम थोड्या वेळानं अर्धा पुडा घेऊन खाली आल्या. "काका, हे तुमचे आहेत."

मी म्हणालो, "मला गोड चालत नाही."

चालतं. पण घेतले नाहीत.

* * *

एकदा मात्र मॅडमना माझी गरज लागली. तो दिवस मला तोंडपाठ आहे.

कौटुंबिकवालं प्रकरण होतं. अख्खं घर वर. सासू अक्कलकोटकडची, सून मोहोळची, मध्ये मुलगा, त्याचं तोंड शिवलेलं. सासूबाई भडकल्या आणि कन्नडमध्ये सुरू झाल्या. मॅडमना कन्नडचं एक अक्षर येत नाही. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "काका, दोन मिनिटं वर येता का?"

मी दुकान उघडं टाकून गेलो. आमच्या घरात दोन्ही भाषा. माझी बायको अक्कलकोटचीच. ती रागावली की कन्नड, राग उतरला की मराठी. चाळीस वर्षं ऐकतोय.

सासूबाई दहा मिनिटं बोलल्या. सुनेची भाकरी, सुनेचं उठणं, सुनेचं माहेर, सुनेच्या माहेरची म्हैस. काही शिल्लक ठेवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "म्हणतात, सून गुणाची आहे. फक्त भाकरी जरा पातळ थापावी."

मग सून म्हणाली, "अण्णा, सहा वर्षं झाली मला ह्या घरात. मला समदं कन्नड कळतंय!"

आणि सासूबाई अचानक मराठीत म्हणाल्या, "तुला कळतंय? मग सहा वर्षं मी बोलत हुते, तवा उलटून का बोलली न्हाईस?"

सून म्हणाली, "उलटून बोलायचं नसतं म्हणून."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मॅडमनी मला हातानं खूण केली, आता तुम्ही जा.

जा! ऐन वेळेला! खाली येऊन मी अर्धा तास छताकडं कान लावून बसलो. काही ऐकू आलं नाही. त्या माडीची फरशी फार जाड आहे.

* * *

शेवटी मी ठरवलं, हे वर करतात काय, ते एकदा बघायचं. रीतसर वेळ घेतली. वैयक्तिकमध्ये.

मॅडम म्हणाल्या, "बोला काका, काय त्रास आहे?"

"त्रास नाही. बघायला आलोय."

"बरं," म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

मीही गप्प. गप्प बसण्यात मला कोण हरवणार? घड्याळ टिकटिक करत होतं. खुर्चीला मऊ गादी होती. माझ्या बाकड्याला नाही, हे मी मनात टिपून ठेवलं. पंखा कुरकुरत होता. मी म्हणालो, "पंख्याला तेल घाला."

"हो. घालते." पुन्हा गप्प.

मग मी म्हणालो, तसाच पंखा माझ्या दुकानात होता, माझ्या वडिलांनी बसवलेला. मग वडिलांचं सांगितलं. मग शाळा कशी सुटली, ते. मग मास्तर घरी आले होते आणि वडिलांनी त्यांना चादर देऊन परत पाठवलं होतं, ते. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. का सांगितलं, माहीत नाही. मॅडम नुसत्या बघत होत्या. एकदाही "असं करा" म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "काका, आजची वेळ संपली."

मी म्हणालो, "वेळ संपली असेल. माझं संपलं नाही!"

खाली आलो तेव्हा मल्लिनाथ दारात उभा. माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, "अण्णा, हेल्मेट देऊ का?"

* * *

त्यानंतर महिन्याभरानं मॅडम दुकानात आल्या. "काका, एक मोठी डबल चादर हवी. सगळ्यात लांब."

"कुणासाठी?"

"वर लागते."

दिली. वर एकट्या माणसाला एवढी चादर कशाला, माझ्या डोक्यात किडा. चार दिवसांनी एक ओळखीची बाई जिना उतरताना नवऱ्याला म्हणत होती, "मॅडमनी बरं चादरीला जुंपलं आपल्याला!"

माझी पद्धत! माझी! मी तडक वर गेलो. दारातच बोललो, "हे माझं आहे."

मॅडम म्हणाल्या, "तुमचंच आहे. प्रत्येकाला सांगते मी, हे खालच्या अण्णांकडून शिकले."

अण्णा म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

भांडायला गेलो होतो, भांडता आलं नाही. खाली येऊन गिऱ्हाइकावर ओरडलो.

* * *

आता शेवटचं. हे कुठं बोलू नका.

माझी बायको रोज दीडला डबा घेऊन येते. भाकरी, शेंगाची चटणी, एखादी भाजी. डबा ठेवते, जाते. चाळीस वर्षं हेच. या उन्हाळ्यात मला दिसायला लागलं, की डबा ठेवल्यावर ती घराच्या दिशेनं जात नाही. एका मंगळवारी मी भाकरी टाकून बाहेर आलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिच्या चपला. नीट, शेजारी-शेजारी काढून ठेवलेल्या.

पेठेतली सगळी माणसं वर गेली, ते मी सोसलं. पण ही?

ती घरी गेल्यावर मी वर गेलो. "माझी बायको येते इथं?"

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, ते सांगता येत नाही."

"मी नवरा आहे तिचा!"

"म्हणूनच."

पेठेतल्या सगळ्या घरांतली गोष्ट मला माहीत असायची. आणि माझ्या घरातली गोष्ट त्या जाड फरशीच्या वर! घरी गेलो, जेवलो नाही. बायकोला विचारलं, "वर काय बोलतेस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "तुमच्या बाकड्यावर अख्खी पेठ बसली. मला कधी 'बस' म्हणालात?"

"तुला कोण नको म्हणालं?"

"थोरलीच्या लग्नाच्या वक्ताला मी आले हुते. बसले हुते. तुमी म्हणालात, 'ऊठ, गिऱ्हाईक आलंय.'"

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. गिऱ्हाईकही आठवलं. दोन सतरंज्या बघून, न घेता गेलेलं.

पंधरा दिवस डबा आला, डब्याबरोबर शब्द नाही. चपला मात्र मंगळवारी पायरीवर.

मग पुढच्या मंगळवारी ती आली. डबा ठेवला. मी बघतच होतो, आता जिन्याकडं वळेल. वळली नाही. दुकानात चढली. लग्नानंतर गादीवर पाय ठेवला असेल तर तो दिवाळीच्या पूजेलाच. ढिगातली सगळ्यात मोठी चादर तिनं ओढून काढली, झटकली, दोन कोपरे स्वतः धरले आणि दोन माझ्यापुढं केले.

म्हणाली, "हिड्री."

कन्नडमध्ये. म्हणजे राग होताच.

समोर मल्लिनाथ गिऱ्हाईक सोडून बघत होता. जिन्यात मॅडम उभ्या होत्या. मी धरलं. ताणलं. चालत गेलो, कोपरे दिले. तिच्या हाताला पिठाचा वास होता. दुसरी घडी झाली, तिसरी झाली. चौथ्या वेळी ती थांबली आणि मराठीत म्हणाली, "तुमची कड खाली आलीय."

मी बघितलं. आली होती. हनुवटीखाली धरून घालायची सवय, मला दुसऱ्याच्या उंचीचा अंदाज नाही.

कड वर घेतली. आणि एक शब्द बोललो.

कुठला, ते सांगता येत नाही!